तलाव, सायकल आणि डांबरी सडक : हौशी त्रिक्रीडा शर्यतीची पूर्वतयारी



पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीनही गोष्टी महाराष्ट्रातील खेड्याला नव्या नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधून विहिरीत उतरविलेला मुलगा आठ-दहा दिवसांत भोपळा सोडून देतो व पुढल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाला शिकवू लागतो. दुधाच्या किटल्या अडकवून संकलन केंद्राकडे निघालेली सायकल अजूनही अनेक गावांच्या वाटेवर दिसते. आणि पहाटे पाच वाजता कोणत्याही तालुक्याच्या सडकेवर गेले, तर सैन्याच्या किंवा पोलिसांच्या भरतीसाठी धावणारी मुलेमुली हमखास भेटतात. नवी गोष्ट आहे ती एवढीच की, या तीन क्रिया मध्ये विसावा न घेता, एकापाठोपाठ एक, घड्याळ चालू ठेवून करावयाच्या. या शर्यतीला ट्रायथलॉन हे नाव रूढ झाले आहे. मराठीत तिला त्रिक्रीडा शर्यत म्हणण्यास हरकत नसावी.

गेल्या काही वर्षांत हा खेळ महाराष्ट्राच्या दाराशी आला आहे. कोल्हापुरात राजाराम तलावाच्या पाण्यात अशी शर्यत झालेली आहे. गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल व २१.१ किलोमीटर धावणे अशी आंतरराष्ट्रीय मालिकेतील शर्यत प्रथम झाली. कोरोनाच्या महासाथीमुळे तिच्यात खंड पडला व २०२२ पासून ती पुन्हा सुरू झाली. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिच येथील पूर्ण अंतराची शर्यत पुरी केली; त्याच वर्षी नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत जोडीने पार पाडली. अशा बातम्यांनी तरुणांचा व त्याहूनही अधिक चाळिशीतल्या नोकरदारांचा उत्साह वाढतो. उत्साह चांगलाच, पण वर्तमानपत्रातील छायाचित्रात पदक दिसते, त्यामागचे सोळा आठवडे दिसत नाहीत. त्या सोळा आठवड्यांचा, आणि गावच्या तलावात पहिला स्पर्धक उतरण्यापूर्वी काय सिद्ध असले पाहिजे त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

या खेळाचा जन्म मुळी हौशी माणसांच्या एका संध्याकाळी झाला, हे प्रारंभीच ध्यानात घेण्याजोगे आहे. २५ सप्टेंबर १९७४ हा बुधवार होता, म्हणजे कामाचा दिवस. अमेरिकेतील सॅन डिएगो शहराच्या मिशन बे या खाडीकाठी तेथील धावपटूंच्या मंडळाने दिवसाची कामे आटोपल्यावर ही स्पर्धा ठेवली. जॅक जॉनस्टोन व डॉन शानाहान हे तिचे योजक. ४६ जण आले. सुमारे साडेनऊ किलोमीटर धावणे, आठ किलोमीटर सायकल आणि साडेचारशे मीटरांच्या आसपास पोहणे, तेही तुकड्यातुकड्यांनी, असा बेत होता. पोहण्याचा अखेरचा टप्पा येईतो अंधार पडला व मोटारींचे दिवे पाण्याकडे वळवून मागे राहिलेल्यांना काठ दाखवावा लागला. कोणास इजा झाली नाही. तरी दमलेल्या माणसाला शेवटी, आणि तेही अंधारात, पाण्यात उतरविणे ही योजना धोक्याची होती. आज जगभर पोहणे प्रथम ठेवतात. स्पर्धक ताजातवाना असतो, उजेड वाढत असतो आणि सारे एकाच वेळी पाण्यात असल्याने देखरेख करणे सोपे जाते.

त्या ४६ जणांत अमेरिकेच्या आरमारातील अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांची पत्नी ज्युडी हेही होते. पुढे हवाई बेटांवर बदली झाल्यावर जलतरणपटू श्रेष्ठ की धावपटू श्रेष्ठ की सायकलपटू, असा वाद निघाला आणि कॉलिन्स दांपत्याने तेथील तीन स्वतंत्र स्पर्धांची अंतरे एका दिवसात जोडून टाकली: ३.८ किलोमीटर समुद्र, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटरांची मॅरॅथॉन. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले, १२ पोहोचले. गॉर्डन हॅलर याने पावणेबारा तासांहून थोड्या अधिक वेळात पहिला क्रमांक मिळविला. प्रत्येकाने आपली मदतनीस मंडळी आपणच आणावयाची होती. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मंडळींजवळचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. ही गोष्ट हसून सांगितली जाते. व्यवस्थापकाने मात्र ती ऐकून आपले पाण्याचे पिंप मोजावेत. पुढल्याच वर्षी लिन लेमेअर ही सायकलपटू स्त्री सर्व स्पर्धकांत पाचवी आली.

आता अंतरांसंबंधी. १९८९ साली फ्रान्समधील आव्हिन्यों येथे या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि २००० साली सिडनी येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. ऑलिंपिक अंतर म्हणजे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धावणे. याच्या निम्मे, म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर व ५ किलोमीटर, हे स्प्रिंट अंतर होय. तालुका पातळीवर व पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी हेच योग्य. त्याहूनही लहान अंतरे ठेवता येतात. नवख्यांची प्रवृत्ती मात्र उलट असते. ज्याने आयुष्यात कधी सलग दहा मिनिटे पोहून पाहिलेले नाही, तो थेट गोव्याच्या शर्यतीचे शुल्क भरून मोकळा होतो आणि मग पोहायला शिकवणारा शोधतो. शुल्क भरल्याने निश्चय होतो असे म्हणतात. निश्चय होत असेलही. पण पाण्याला त्याची माहिती नसते.

हे कठोर वाटले, तरी त्यास आधार आहे. अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील अशा शर्यतींची छाननी करून २०१७ साली एक वैद्यकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आकस्मिक मृत्यू, हृदय बंद पडून वाचविलेले आणि अपघाती मृत्यू मिळून १३५ प्रसंगांची नोंद आहे. त्यांपैकी ९० प्रसंग पोहण्याच्या टप्प्यात घडले. सायकलवरून झालेले अपघाती मृत्यू १५ होते. प्रमाण दर लाख स्पर्धकांमागे १.७४, म्हणजे फार नव्हे. तथापि बळी पडलेल्यांत ८५ टक्के पुरुष होते, सरासरी वय सत्तेचाळिशीच्या जवळ होते आणि शवविच्छेदन झालेल्या ६१ जणांपैकी २७ जणांच्या हृदयात वा रक्तवाहिन्यांत महत्त्वाचा दोष आढळला. म्हणजे धोका सर्वांना सारखा नाही. जो चाळिशी ओलांडलेला, कचेरीत बसून काम करणारा, रक्तदाब कधी न मोजलेला गृहस्थ मित्रांच्या आग्रहाने नाव देतो, त्याचा धोका अधिक. त्याने सराव सुरू करण्यापूर्वीच ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, रक्तशर्करा व हृदयाचा विद्युत आलेख काढून घ्यावा, आणि घरात कोणी अकाली हृदयविकाराने गेले असल्यास तसे स्पष्ट सांगावे. चालताना छातीत आवळल्यासारखे होणे, अकारण भोवळ येणे ही लक्षणे ‘दम कमी पडतो’ म्हणून झटकून टाकण्यासारखी नाहीत. ताप येऊन गेल्यावर लगेच जोराचा व्यायाम करणेही घातक ठरू शकते. काही विषाणुजन्य तापांत हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि ती बाहेरून दिसत नाही.

सराव कसा करावा, याचे चित्र डोळ्यांपुढे यावे म्हणून पस्तिशीतला एखादा माध्यमिक शिक्षक कल्पावा. शाळा साडेदहाची, घरी दोन मुले, शेताचा एक तुकडा. त्याच्याजवळ आठवड्याला पाच ते सात तासच आहेत आणि स्प्रिंट अंतरासाठी ते पुरेसेही आहेत. दोन-तीन वेळा पोहणे, दोन वेळा सायकल, दोन-तीन वेळा धावणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, अशी त्याने वाटणी करावी. एकाच दिवशी दोन प्रकार येतील. त्यास इलाज नाही. पहिले चार आठवडे वेगाचा विचार मनात आणू नये. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की गती कमी करावी. या साध्या कसोटीला कोणतेही यंत्र लागत नाही आणि सरावाचा बराच मोठा भाग याच गतीने व्हावा असे जाणते प्रशिक्षक सांगतात. अंतर आठवड्याआठवड्याने थोडे वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावे. श्रमाने नव्हे, श्रमानंतरच्या झोपेने शरीर घडते, ही गोष्ट पूर्वीच्या तालमीतील वस्ताद जाणत असत. जोर-बैठका झाल्यावर पठ्ठ्यांना निजायला लावणारी ती मंडळी होती.

तिन्हींत सर्वांत अवघड पोहणे. येथे बळापेक्षा कसब अधिक लागते. धावण्यात दमाचा कमकुवतपणा इच्छेने काही काळ झाकता येतो, पाण्यात नाही. विहिरीत पोहायला शिकलेला मनुष्य डोके सतत वर ठेवून पोहतो. डोके वर म्हणजे पाय खाली, आणि पाय खाली म्हणजे प्रत्येक हाताला ओढावे लागणारे दुप्पट ओझे. तोंड पाण्यात ठेवून श्वास पाण्यातच सावकाश सोडणे आणि फक्त घेण्यासाठी मान बाजूला वळविणे, एवढे एक साधले तरी अर्धे काम झाले. ते साधायला कित्येकांना दोन महिने लागतात. दहा मीटर व्यासाच्या विहिरीत ७५० मीटरांसाठी ७५ वेळा आरपार जावे लागते. कंटाळवाणे आहे, पण विहिरीचे पाणी शांत व ओळखीचे असते आणि काठावर कोणीतरी बसवून हा सराव होऊ शकतो. एकट्याने पोहावयाचे नाही, हा नियम पट्टीच्या पोहणाऱ्यालाही लागू आहे.

विहीर किंवा जलतरण तलाव आणि मोकळे पाणी यांत मोठे अंतर आहे. मोकळ्या पाण्यात तळ दिसत नाही, रेषा नसते, धरायला काठ नसतो. मनुष्य सरळ जातो आहे अशा समजुतीने तिरपा जातो व ७५० मीटरांचे ९०० करतो. म्हणून दर आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण पाहण्याची सवय लावावी. एखादे उंच झाड किंवा देवळाचा कळस यांसारखी खूण चांगली. शर्यतीच्या आरंभी शेजाऱ्याचा हात तोंडावर बसतो, पाणी नाकात जाते, छाती धडधडू लागते. पहिल्या दोनशे मीटरांतला हा घाबरेपणा अनुभवी माणसालाही चुकत नाही. अशा वेळी उताणे होऊन तरंगावे, चार श्वास घ्यावेत, हवे तर तरंगणारा पिंप किंवा होडी धरावी. धरून पुढे सरकत नसेल, तर स्पर्धक बाद होत नाही. ही सवलत नियमांतच आहे. कोणत्या पद्धतीने पोहावे याचीही सक्ती नाही. पाठीवर, छातीवर, कसेही पोहलेले चालते. या दोन गोष्टी नवख्याला आधी सांगितल्या तर त्याची निम्मी भीती जाते. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धांसारख्या ठिकाणी केवळ पोहण्यासाठी एकदा उतरून पाहावे. पुढे सायकल व धावणे उरलेले नसताना गर्दीची सवय करणे अधिक शहाणपणाचे.

सायकलीविषयी बाजाराने फार गोंधळ माजविला आहे. लाखा-लाखाच्या सायकलींवाचून हा खेळ खेळता येत नाही असा समज पसरला असून त्यामुळे योग्य माणसे घरी बसतात. स्प्रिंट अंतराच्या पहिल्या शर्यतीला साधी, पण नीट तेलपाणी केलेली सायकल पुरते. दोन्ही ब्रेक घट्ट हवेत, चाके सरळ हवीत, हँडलची उघडी टोके बुचांनी बंद हवीत, कारण पडल्यावर ती पोटात घुसतात. सीटची उंची चुकीची असणे हे गुडघेदुखीचे नेहमीचे कारण. टाच पॅडलवर ठेवली असता खालच्या टोकाला पाय जवळजवळ सरळ व्हावा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात योग्य तेवढी वाकण राहते. गिअर असल्यास जड गिअरवर ताकद दाखवू नये. पाय मिनिटाला ऐंशीच्या आसपास फिरावेत. पंक्चर काढणे स्वतःला आले पाहिजे. शिरस्त्राणाशिवाय सरावही नको. मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेली विद्यार्थिनी पाच किलोमीटरांवरच्या शाळेत रोज जाऊन येते, तेव्हा स्प्रिंट शर्यतीच्या सायकल टप्प्याचे निम्मे अंतर ती दप्तरासह कापत असते. क्रीडाशिक्षकांनी हे हेरावयास हवे.

धावण्याबद्दल एकच गोष्ट विशेष आहे. सायकलीवरून उतरल्याबरोबर पाय परक्याचे असल्यासारखे वाटतात. गोल फिरण्याला सरावलेल्या स्नायूंना एकदम अंगाचा भार झेलावा लागतो. यासाठी आठवड्यातून एकदा सायकल टेकवून लगेच दहा-पंधरा मिनिटे धावण्याचा जोडसराव करावा. पहिला अर्धा किलोमीटर लहान पावले टाकावीत. भरतीची तयारी करणारी मुले १,६०० मीटर व मुली ८०० मीटर अंतरासाठी घटवलेल्या असतात, म्हणून त्यांना पाच किलोमीटर पहिल्यांदा लांब वाटते. परंतु ती लवकर तयार होतात. त्यांच्यासंबंधी एक गोष्ट ओघाने सांगणे प्राप्त आहे. ही मुले काळोखात, गडद कपड्यांत, रस्त्याच्या डाव्या कडेने, पाठीमागून येणाऱ्या वाहनांकडे पाठ करून धावतात. पंचायतीने शाळेच्या मैदानावर दोन दिवे लावले तर यातला मोठा धोका टळेल. शर्यत भरवो न भरवो, एवढे करण्यास अडचण नसावी.

खाणे-पिणे हा विषय लोकांनी उगाच गूढ केला आहे. दीड-दोन तासांच्या शर्यतीला रोजचे जेवण, आदल्या रात्री सवयीचा भात किंवा भाकरी, सकाळी दोन-तीन तास आधी हलका आहार, वाटेत केळे किंवा गूळ-शेंगदाण्याची चिक्की, इतके पुरते. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ तोंडात घालू नये. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. घाबरून नुसते साधे पाणी लिटरांनी पिणाऱ्याच्या रक्तातील सोडियम घटते व भ्रम, आकडी, क्वचित मृत्यूपर्यंत पाळी येते. सावकाश चालणाऱ्या लांब शर्यतीत हे अधिक घडते. घाम फार जात असेल तर आरोग्य केंद्रात मिळणारी जलसंजीवनी घ्यावी. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात, १९७१ साली, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ज्या द्रावणाने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले, तेच हे साखर-मिठाचे पाणी. घरी करावयाचे तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ.

शर्यतीत तीन खेळांबरोबर एक चौथाही खेळ असतो, तो म्हणजे बदल. पाण्यातून येऊन सायकल घेणे आणि सायकल ठेवून बूट घालणे यांत उजव्या-डाव्याचा गोंधळ होऊन मिनिटेच्या मिनिटे जातात. अंगणात चार वेळा रंगीत तालीम केली तर तो टळतो. नियम थोडेच आहेत, पण सक्तीचे. सायकल घोडीवरून काढण्यापूर्वी शिरस्त्राणाचा पट्टा लागलेला हवा व सायकल परत ठेवल्यावरच तो सोडावयाचा. आखलेल्या रेषेपूर्वी सायकलवर बसावयाचे नाही. हौशी शर्यतींत पुढच्या सायकलच्या आडोशाने वारा चुकवीत जाण्यास बंदी असते. छोट्या अंतरांत सर्वसाधारणपणे १० मीटर अंतर राखावे लागते. डावीकडून चालावे, उजवीकडून ओलांडावे. बाहेरच्या माणसाची मदत घ्यावयाची नाही आणि कागद, बाटल्या रस्त्यावर टाकावयाच्या नाहीत. त्यास दंड आहे. युरोपातील थंड पाण्यासाठीचा महागडा रबरी पोशाख येथे अनाठायी होय. १,५०० मीटरांपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंशांहून उबदार असले, तर हौशी स्पर्धकाला तो घालताच येत नाही.

आता ज्यांच्या हाती परवानगी आहे, त्यांच्या कर्तव्यासंबंधी. गावच्या तलावात शर्यत घेण्याची कल्पना ग्रामसभेत कोणी मांडली, की प्रथम विचारावयाचा प्रश्न बक्षिसांचा नव्हे, तळाचा आहे. अनेक पाझर तलावांतून गाळ काढला गेला आहे. ते काम चांगले झाले, पण यंत्राने खोदलेल्या जागी कमरेइतके पाणी एका पावलात पुरुषभर खोल होते. बुडालेल्या बाभळी, जलपर्णी, मासेमारीची जाळी हे आणखी धोके. तलाव ज्या खात्याकडे असेल त्याची लेखी संमती घ्यावी आणि मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिला पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्यावे. तळाची खरी माहिती तिच्या सभासदांनाच असते आणि होड्याही त्यांच्याच असतात. त्यांना पोहता येते हे खरे. परंतु बुडत्याला धरणे आणि काठावर आणल्यावर श्वास व छातीदाब देणे हे वेगळे शिक्षण आहे. ते शर्यतीपूर्वी द्यावे, त्याची उजळणी घ्यावी व या कामाचा मोबदला द्यावा. बुडणारा मनुष्य बहुधा ओरडत नाही, हात हलवीत नाही. तो उभा होतो, डोके मागे जाते आणि अर्ध्या-एक मिनिटात दिसेनासा होतो. म्हणून होडीतल्या माणसाने शर्यत पाहावयाची नाही, आपल्या वाट्याचा पाण्याचा तुकडा पाहावयाचा.

पहिल्याच वर्षी पाण्याची अशी सिद्धता जमत नसेल, तर पोहणे गाळावे. धावणे, सायकल, पुन्हा धावणे अशी ड्युएथलॉन नावाची मान्य शर्यत आहे. ५ किलोमीटर धावणे, २० किलोमीटर सायकल व अडीच किलोमीटर धावणे हे तिचे स्प्रिंट अंतर. ठरलेल्या दिवशी वीज कडाडली, पाणी गढूळले वा होड्या कमी पडल्या, तर त्रिक्रीडा शर्यतीचे रूपांतर हिच्यात करण्याची तरतूद प्रवेशपत्रिकेतच असावी. पाहुणे आले आहेत, मंडप पडला आहे, आता कसे रद्द करावे, असा प्रश्न आदल्या दिवशी निर्माण होतो व तेथेच चुका होतात. पोहणे रद्द करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा आणि ती व्यक्ती निवडून आलेली नसावी, हे पंचायत सदस्यांनी राग न मानता स्वीकारावे.

तीन जणांच्या संघाची जोडशर्यत हा ग्रामीण भागाला विशेष मानवणारा प्रकार होय. एकाने पोहावे, दुसऱ्याने सायकल चालवावी, तिसऱ्याने धावावे. तळ्यावरचा भोई, दूध घालणारा शेतकरी आणि भरतीची तयारी करणारी मुलगी असा संघ कोणत्याही शहरी मंडळाला भारी पडेल. स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची बंद जागा व स्वच्छतागृह तलावाजवळच हवे, आणि पूर्ण बाह्यांचा, पायघोळ तरणपोशाख चालतो हे जाहिरातीतच छापावे. याअभावी शिक्षिका व विद्यार्थिनी नाव देत नाहीत आणि मग प्रतिसाद नाही असा अहवाल जातो.

वेळ सकाळी उजाडताच ठेवावी. ऑक्टोबरची उष्णता व मार्चनंतरचे ऊन टाळावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तरीही उन्हाने कोणी बरळू लागला, तोल जाऊ लागला, तर त्याला आधी थंड पाण्याच्या हौदात बसवावे वा अंगावर बर्फाचे पाणी ओतत राहावे व मगच हलवावे. रुग्णवाहिकेत घालून तीस किलोमीटर नेण्यात जो वेळ जातो, तोच प्राणघातक ठरतो. १०८ क्रमांकाच्या सेवेस आठवडाभर आधी कळवावे आणि सायकलमार्गावरील फाट्यांवर पोलीस पाटील, गृहरक्षक व मोठ्या वर्गातील मुले उभी करावीत. उसाच्या गाड्यांच्या हंगामात साखर कारखान्याच्या शेती विभागाशी बोलून ते दोन तास वाहतूक थांबवावी.

राहिली मोजणी. प्रत्येक स्पर्धकाला भडक रंगाची, क्रमांकाची टोपी द्यावी. पाण्यात उतरताना एका माणसाने मोजावे, बाहेर येताना दुसऱ्याने, आणि दोघांनी एकमेकांस न विचारता आकडे लिहावेत. मध्येच कोणी पाणी सोडून घरी गेला असेल, तर त्याने टोपी परत केल्याशिवाय त्याचे नाव वगळू नये. दोन्ही आकडे जुळल्याचे लेखी कळेपर्यंत एकही होडी काठाला लावू नये. मग तिकडे पहिला सायकलस्वार परत आला असला व मंडपात टाळ्या सुरू झाल्या असल्या तरी.